फोटोभोवतीचं हिरवं कडं

माझ्या फोनवर दोन अ‍ॅप शेजारीशेजारी होती. आईने त्यांना नावं ठेवली होती, कोटाचं आणि गमतीचं. कोटाच्या अ‍ॅपवर माझा कोट घातलेला फोटो होता. तो नांदेडमधल्या एका स्टुडिओत काढलेला. कोट स्टुडिओचाच, पाठीमागून चिमटे लावून अंगाला बसवलेला. गमतीच्या अ‍ॅपवर मी बनियनवर म्हशीला पाणी दाखवत होतो. तो फोटो चुलतभावाने न विचारता टाकला होता आणि त्याच्याखाली गावातल्या झाडून साऱ्या पोरांनी काही ना काही लिहिलं होतं.

मी ही दोन्ही ठिकाणं कटाक्षाने वेगळी ठेवायचो. कोटाच्या ठिकाणी माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. पुण्या-बंगळुरूचे लोक होते. त्यांचं इंग्रजी इस्त्री केलेलं असायचं. कोणाला बढती मिळाली की तो नम्र व्हायचा, कोणाची नोकरी गेली तरी तो कृतज्ञच असायचा. मी बिलोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. अशी चार वाक्यं लिहायला मला सकाळ पुरायची नाही. तरी लिहायचो, कारण अहवाल बनवण्याचं काम आम्हाला घरबसल्या देणारी पुण्याची कंपनी मला तिथेच सापडली होती. त्या अ‍ॅपचे माझ्यावर उपकार होते आणि उपकार मी विसरत नाही.

गमतीच्या ठिकाणी हिशेब वेगळा होता. आमच्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर करतात. ती टोपी कोणी घालत नाही. पाहुणा घरी नेतो, पेटीत ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढवतो. पण ती दिली नाही तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. गमतीच्या अ‍ॅपवरचे अंगठे आणि बदाम तसेच होते. कोणाचा बैलजोडीसोबतचा फोटो आला, कोणी अर्धापूरहून केळीच्या ट्रकवर बसून व्हिडिओ टाकला, की बदाम द्यायचा. विसरलो तर गावी गेल्यावर पारावरून कोणीतरी म्हणायचंच, साहेबाला आता आपले फोटो दिसत नाहीत. म्हणून जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने आहेर, अशी माझी सवय झाली होती.

कंपनीने आमचा अख्खा गट बंद केला, त्या दिवशीही मी नांदेडच्या घरी जेवतच होतो. बैठक फोनवरच झाली. बोलणाऱ्या बाईंचा आवाज चांगला होता. त्या आम्हा सगळ्यांचे आभार मानत होत्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता ताटातली भाकरी झाकून ठेवली. आई म्हणाली, गल्लीत इतक्यात सांगू नका, लागेल दुसरं.

दुसऱ्या दिवशी मी कोटाच्या अ‍ॅपवर फोटोभोवती हिरवं कडं लावून घेतलं. ही तिथली सोय आहे. आपण काम शोधतोय हे भरती करणाऱ्यांना कळावं म्हणून फोटोला हिरवी गोल पट्टी येते आणि तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं असतात. बटण दाबताना मला वडील आठवले. ते नांदेडला मजूर नाक्यावर उभे राहायचे, तेव्हा हातातलं घमेलं पालथं धरायचे. घमेलं पालथं म्हणजे माणूस रिकामा आहे. मीही घमेलं पालथं केलं, इतकंच.

त्यानंतर माझे दिवस सारखेच जायला लागले. सकाळी कोटाच्या ठिकाणी अनोळखी माणसांच्या यशाला शुभेच्छा द्यायच्या, कारण दिसत राहावं लागतं असं तिथे सगळे सांगायचे. दुपारी अर्ज करायचे. संध्याकाळी गमतीच्या ठिकाणी राहिलेले आहेर करायचे. एका ठिकाणी उत्साही असावं लागायचं, दुसऱ्या ठिकाणी हसरं. मी दमलोय असं लिहायची सोय दोन्हीकडे नव्हती. फोन उशाला ठेवून पडलो की डोळे मिटूनही अंगठा हलतोय असं वाटायचं.

आणि मग चुलतभावाने ते कडं पाहिलं.

चुलतभावाचं बिलोलीत फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचे बॅनर तोच छापतो. जिथे दादा तिथे आपण, या हिशेबाने तो महिनाभरापूर्वी कोटाच्या अ‍ॅपवरही आला होता. मालक म्हणून स्वतःचा गॉगल घातलेला फोटो लावून. बॅनरच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याचं कौतुक, त्याच्या फोटोला कडं. खाली ओळीने येणारे शुभेच्छुक बिनकड्याचे. माणूस जेवढा मोठा तेवढं कडं जाड. चुलतभावाची उभी हयात कडी कापण्यात गेलेली. त्याने माझा फोटो पाहिला, शेकडो बिनकड्याच्या लोकांमध्ये आपल्या दादाला कडं, तेही कंपनीने स्वतः दिलेलं. बारीक अक्षरं त्याने वाचली नाहीत. पदाचं नाव असेल, असं त्याने धरलं.

मला कळलं तेव्हा गमतीच्या अ‍ॅपवर बॅनर लागून गेला होता. मध्यभागी मी, हिरव्या कड्यासकट. वर हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी, त्यात चुलतभाऊ पहिला. त्याच्याखाली बदामांचा खच.

मी फोन केला. तो माझ्याआधीच बोलायला लागला.

"दादा, सकाळधरनं फोन लावायलो, कुठं हाईस? इथं तिठ्यावर खरा बॅनर बी लागला. कडं निळं करावं म्हणत होते विहारातले लोक. मी म्हणलं, न्हाई, कंपनीनं हिरवं दिलंय, त्याला हात लावायचा न्हाई."

मी त्याला कड्याचा अर्थ सांगितला. त्याने छपाईचं मशीन बंद केलं. मग त्याने हळूच विचारलं, आता? रविवारी विहारात सत्कार ठरलाय, शाल आलीय. आणि आपल्या शेजारच्या गवंडीकाकांनी पोरीला शिकवायचं मनावर घेतलंय, तुझा बॅनर बघून.

ही शेवटची गोष्ट त्याने सहज सांगितली, पण मी त्याला ती पुन्हा सांगायला लावली.

गवंडीकाकांचं घर आमच्या गावातल्या बंद घराला लागून आहे. त्यांची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला नांदेडला जाऊन संख्याशास्त्र शिकायचं होतं. तो विषय तिने माझ्याकडून ऐकला होता. सुट्टीत गेलो की ती वही घेऊन ओट्यावर यायची. काकांचं मत वेगळं होतं. देगलूरकडची एक सोयरीक आली होती, मुलगा चांगला होता, आणि शिकून करायचं काय, हा प्रश्न ते भिंत बांधता बांधता कोणालाही विचारायचे. बॅनरने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि ते खोटं होतं.

रविवारी मी एसटीने गेलो. तिठ्यावर उतरलो तर समोर मीच, विजेच्या खांबाला बांधलेला, चिमट्यांचा कोट घालून. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.

विहाराच्या मागे हात-पाय धुवायला गेलो, तिथे ती मुलगी घागर भरत होती. घागर भरली तरी तिने नळ बंद केला नाही. आवाजाआड बोलता यावं म्हणून.

"दादा, त्या कड्याचा अर्थ मला माहीत हाय. कॉलेजात मार्गदर्शनाला बाई आल्या होत्या, त्यांनी दाखवलं होतं."

मी म्हणालो, मग तू बोलली नाहीस?

"मी कशाला बोलू? बाबा आज होय म्हणणार हायेत. शनिवारी प्रवेशाची शेवटची तारीख. तुम्ही आज काही सांगू नका. एवढंच मागते."

मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. ती घागर उचलून गेली.

सत्कार झाला. वंदना झाली, शाल आली, गुलाबाचं फूल आलं. विहारात खाली बसलेली बरीचशी माणसं अशी होती की माझ्या शिक्षणात त्यांचा काही ना काही हात होता. कोणी वसतिगृहात अर्ज पोचवला होता, कोणी परीक्षेला जाताना सायकल दिली होती, एका आजीने तालुक्याला जाताना नेहमी भाकरी बांधून दिली होती. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा कड्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. मी त्या सगळ्यांचे आभार मानले. ते खरेच होते. कोटाच्या अ‍ॅपवर रोज आभार मानून तो शब्द गुळगुळीत झाला होता, तरी त्या दिवशी मी एकेकाचं नाव घेऊन तो म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मागे बायकांत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहत राहिली.

निघताना गवंडीकाका तिठ्यापर्यंत सोडायला आले. बॅनरखाली थांबून त्यांनी बिडी पेटवली.

"पोरीला पाठवतो," ते म्हणाले. "मी देगलूरवाल्यांना न्हाई म्हणून सांगणार. तुझ्या भरवशावर पाठवतो बरं का. शिकली की तुझ्या कंपनीत लाव तिला."

तिने एवढंच मागितलं होतं. पण भरवशावर हा शब्द ऐकून मला पुढे गप्प राहता येईना. देगलूरवाल्यांना नकार गेल्यावर महिन्याभराने कोणाकडून तरी काकांना कळलंच असतं, आणि मग पोरगी नांदेडला असली तरी ते तिला घेऊन आले असते. हा विचार मी तेव्हा केला की नंतर स्वतःच्या समाधानासाठी जोडला, हे आज सांगता येत नाही. मी त्यांना सांगितलं की कंपनी आता नाही, गट बंद झाला, कडं काम शोधणाऱ्याचं आहे.

काकांनी मान वर करून बॅनर पाहिला.

"म्हंजी तू नाक्यावर हाईस."

मी हो म्हणालो.

"तुझा बाप नाक्यावर, मी नाक्यावर. तू एवढं शिकून बी नाक्यावरच आलास. मग शिकून काय केलंस रे बाबा?"

ते चिडून बोलले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. एसटी आली. मी चढलो तेव्हा ते खिडकीपाशी येऊन म्हणाले, देगलूरवाल्यांना इतक्यात काही कळवत नाही. शुक्रवारपर्यंत तुझं लागलं तर पोरगी जाईल. आधी तुझं लागू दे.

रस्ताभर शाल मांडीवर होती. नायगाव येईपर्यंत मला वाटत होतं की मी बरोबर केलं. त्यानंतर वाटेना.

सोमवारी सकाळी गमतीच्या अ‍ॅपवर मुलीचा निरोप आला. घरचा एकच फोन, तो काकांचा, पण सकाळी ते कामावर जाण्याआधी थोडा वेळ तिच्या हाती यायचा. तिने लिहिलं होतं, तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. त्याखाली काही नाही. दुपारपर्यंत मी तो निरोप पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. मंगळवारी सकाळी तिच्याकडून शेळी छपरावर चढल्याचा व्हिडिओ आला, आणि त्याला लागून नोकरीच्या एका जाहिरातीचं चित्र. बुधवारी लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ, मागोमाग दुसरी जाहिरात. काकांनी वरवर पाहिलं तर गंमतच दिसावी, अशी ती मांडणी होती. माझ्यावरचा राग तिने सोडला नव्हता. पण रागावून बसायला तिला वेळ नव्हता.

इकडे कोटाच्या ठिकाणी पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने माझ्या दोन मुलाखती घेतल्या होत्या, आणि तिसरी पुढच्या आठवड्यात होईल असं कळवलं होतं. काम माझ्या आवडीचं होतं, आणि पुन्हा घरून करता येण्यासारखं. बायको म्हणाली, हे होईल असं वाटतंय. मलाही वाटत होतं. पण पुढचा आठवडा शनिवारनंतर येतो.

मुलीची दुसरी जाहिरात लातूरच्या एका क्लासची होती. लातूरच्या क्लासेसचे बॅनर सगळ्यांना माहीत आहेत, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, प्रत्येकाला सोनेरी कडं. त्यांच्याखाली बारीक ओळीत लिहिलं होतं की चाचण्यांच्या निकालाचे तक्ते करायला माणूस पाहिजे. कोटाच्या अ‍ॅपवर ही जाहिरात मला कधीच दिसली नसती. मी गुरुवारी लातूरला गेलो.

क्लासच्या संचालकांनी माझा पाच पानी बायोडाटा उलटा करून त्याच्या पाठीवर मला एक तक्ता काढायला सांगितला. मी काढला. त्यांनी विचारलं, इथे राहायला याल का, रविवारीही चाचणी असते. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी होता. मी विचारलं, नेमणुकीचं पत्र कधी मिळेल.

"घाई आहे का?" ते हसून म्हणाले.

मी हो म्हणालो. कशाची ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, घरात अडचण आहे. त्यांनी शिपायाला हाक मारून पत्र तिथल्या तिथे काढून दिलं.

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. आजूबाजूला पाठीवर ओझी घेतलेली मुलं या क्लासमधून त्या क्लासमध्ये चालली होती. मी पत्राचा फोटो काकांना पाठवला. मग पुण्याच्या कंपनीला त्यांच्या भाषेत लिहिलं, की मी आपला अत्यंत आभारी आहे, आणि मला थांबणं शक्य नाही. तिथल्या बाईंचं लगेच उत्तर आलं. त्यांनी मला पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या, शेवटी हसरा चेहरा टाकला. मी कडं काढलं. कडं काढल्यावर ते अ‍ॅप विचारतं की ही आनंदाची बातमी सर्वांना सांगायची का. मी नको म्हटलं.

काकांचा फोन संध्याकाळी आला. त्यांनी विचारलं, पक्कं का? मी पक्कं म्हटलं. पुन्हा विचारलं, पुण्याची कंपनी हाय का? मी लातूर म्हणालो. बरं हाय, लातूर काय वाईट न्हाई, असं म्हणाले आणि फोन मुलीकडे दिला. ती म्हणाली, दादा, तक्ते करायला संख्याशास्त्र लागतं का? मी लागतं म्हणालो. हे ती काकांना ऐकू जावं म्हणून विचारत होती. मीही जरा मोठ्याने सांगितलं.

बायकोला मी घरी जाऊन सांगितलं. ती लातूरला खोल्या कुठल्या भागात स्वस्त मिळतील, ते आईला विचारायला लागली. आईला तरी कुठून माहीत असणार. चुलतभावाने मात्र नव्या नोकरीचा बॅनर करू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो तर त्याला वाईट वाटलं. कडं लावत न्हाई, साधा करतो, असं म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. आजही दोन्ही अ‍ॅप फोनवर आहेत. लातूरला रविवारची चाचणी संपवून खोलीवर आलो की मी आधी गमतीचं उघडतो, राहिलेले आहेर करतो, कोटाचं बऱ्याचदा उघडतच नाही. पण कधी वाटतं, ती तिसरी मुलाखत कशी झाली असती.

त्या शनिवारी मुलीचा प्रवेश झाला. वसतिगृह मिळालं त्या दिवशी मी नांदेडच्या बसस्थानकावर त्यांना घ्यायला गेलो. पावसाची भुरभुर होती. काका टपावरून पेटी उतरवून घेत होते. पत्र्याची मोठी पेटी, आणि ती भिजू नये म्हणून तिला बाहेरून फ्लेक्स गुंडाळून सुतळीने आवळलेलं. तिठ्यावरचा बॅनर होता तो. आमच्याकडे जुना फ्लेक्स कोणी टाकत नाही, छपरावर घालतात, मिरच्या वाळवतात. पेटीच्या एका अंगाला माझं अर्धं तोंड आलं होतं, कोटाची कॉलर, आणि हिरवं कडं कोपऱ्यावरून वळून खाली गेलेलं. सुतळी बरोबर नाकावरून गेली होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"चांगला जाड हाय," ते म्हणाले. "पाणी गेलं न्हाई आत."

मुलगी हसू दाबत होती. मला तिच्याकडे बघून समजलं की राग संपला आहे, निदान आजच्यापुरता. काकांनी पेटीची एक कडी धरली, मी दुसरी. वहीपुस्तकं भरलेली, पेटी जड होती. रिक्षापर्यंत आम्ही ती उचलून नेली, आणि चालताना बॅनरवरचा माझा चेहरा पूर्ण वाट माझ्याच गुडघ्याला घासत राहिला.